शालीखालचा आकडा

आजच्या सभेच्या अध्यक्षा योगिनीताई, व्यासपीठावर बसलेले क्लबचे विश्वस्त, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले माजी सचिव श्री. काळुराम मढवी, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सखुबाई, नव्या व्यवहार समितीचे सभासद, बाळकुम स्पोर्टिंगचे आजी-माजी खेळाडू, आणि पूर्व स्टँडच्या पायऱ्यांवर ऊन-पाऊस सोसत वर्षभर भांडणारी सगळी समर्थक मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी उर्वी टिपणीस. वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत मी मोजमापाची उपकरणं तपासते. वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर. उपकरण खरं बोलतं का, आणि बोलत नसेल तर किती चुकतं, हे लिहून देणं हे माझं काम. बोलणं हे माझं काम नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शाल अर्पण व दोन शब्द’ असं छापलं आहे. या क्लबच्या सभेत मी याआधी एकदा खरोखर दोनच शब्द बोलले होते. ते दोन शब्द पुरले नाहीत, म्हणून आज थोडा जास्त वेळ घेणार आहे. अध्यक्षांची परवानगी मी आधीच घेतली आहे. काय बोलणार ते मात्र त्यांना पूर्ण सांगितलेलं नाही, त्याबद्दल योगिनीताई, क्षमस्व.

माझ्याआधीच्या चार वक्त्यांनी काळुरामकाकांची तेवीस वर्षांची कारकीर्द सांगितली. मैदानाभोवतीची भिंत, खेळाडूंसाठी बांधलेल्या खोल्या, बाहेरच्या क्लबांना दिलेले सतरा खेळाडू. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. पण ते जात का आहेत, हे कोणी बोललं नाही. वय झालं, तब्येत, नव्या पिढीला वाव, असे शब्द आले. मागच्या रांगा चुळबूळ करत आहेत त्या उकाड्यामुळे असतील असं मला वाटत नाही. फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत आपण एक्याऐंशी विरुद्ध सेहेचाळीस मतांनी ठराव केला, की यापुढे खेळाडूंचे व्यवहार सचिवांनी करायचे नाहीत. त्यानंतर कोणता सचिव खुर्चीवर बसून राहिला असता?

तो ठराव आपला खेळाडू हर्षित याच्या विक्रीवरून झाला. हे सगळ्यांना माहीत आहे. पण या सभागृहात आज पहिल्यांदा आलेले पाहुणेही आहेत, म्हणून थोडं मागे जाते.

आपला फुटबॉल क्लब तिकिटांवर चालत नाही. कोपरचा, शहाडचा, इथला मुलगा चौदाव्या वर्षी येतो, विशीच्या आत तयार होतो, आणि मोठा क्लब त्याला घेऊन जातो. त्या पैशावर पुढची चौदा वर्षांची मुलं खेळतात. म्हणजे खेळाडूची किंमत किती मागायची आणि कधी मागायची, हा प्रश्न आपल्यासाठी गप्पांचा नाही. तरी गप्पा आपण भरपूर मारतो. पूर्व स्टँडच्या खालच्या पायऱ्यांवर गावातली मंडळी बसतात. वरच्या पायऱ्यांना पत्र्याची सावली आहे, तिथे आम्ही टॉवरवाले, नव्या इमारतींत राहायला आलेलो. सामना नव्वद मिनिटांत संपतो, वाद सोमवारपर्यंत चालतो.

वरच्या पायरीवरच्या स्वानंदचं म्हणणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. खेळाडू ही मालमत्ता आहे, तिची किंमत तेविसाव्या वर्षानंतर उतरते, म्हणून भाव वर असतानाच विकायचं, आकडा आधी जाहीर करायचा, म्हणजे सगळं उघड्यावर राहतं. खालच्या पायरीवरून जगनभाऊ त्याला म्हणाले होते, “अरे, तुझी गाडी शोरूममधनं बाहेर काढलीस की भाव उतरतो. आमचा पोरगा मैदानात उतरला की चढतो. दोन्हीला एकच सूत्र लावतोस होय रे?” स्वानंदने विचारलं, मग स्ट्रायकर फुकट का गेला? तो प्रश्न रास्त होता. तीन वर्षांपूर्वी काकांनी चांगल्या भावाची वाट पाहिली, मुलाचा करार संपला, आणि तो एक पैसा न देता निघून गेला. ती काकांची चूक होती. आज निरोपाचा दिवस आहे म्हणून मी ती पुसणार नाही. काकांनाही ते आवडणार नाही.

तर गेल्या डिसेंबरमध्ये हर्षितला मागणी आली. क्लबचं नाव करारातल्या कलमामुळे मी घेत नाही. हर्षितचा आपल्याशी करार मे महिन्यात संपत होता. स्ट्रायकरसारखं पुन्हा होऊ नये, अशी धास्ती वरच्या पायरीवरही होती आणि खालच्याही. समर्थकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज दोनशे-तीनशे निरोप पडत होते. कोणी म्हणे वीस लाख, कोणी म्हणे काका पाचात उरकतील. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तू मोजतेस ना, मग मोज.

मी मोजलं. गेल्या सहा वर्षांत याच पातळीवर झालेले बावीस व्यवहार गोळा केले. वय, करारातले उरलेले महिने, खेळलेली मिनिटं, डाव्या पायाचे गोल, दुखापती. अकरा लाख चाळीस हजार असा आकडा आला. बावीस नोंदी ही फार थोडी माहिती आहे, म्हणून सवयीप्रमाणे मी त्याच्यापुढे मर्यादा लिहिली: नऊ ते चौदा लाख. आमच्या प्रयोगशाळेतून कोणताही आकडा त्याच्या शंकेशिवाय बाहेर जात नाही. तसा आकडा बाहेर गेला तर माझी नोकरी जाईल.

मंगळवारी तो तक्ता मी गटावर टाकला. गटात सहाशे बारा माणसं आहेत. मी चाळीसेक जणांना ओळखते. बाकीचे कोण, हे मी तपासलं नाही. उपकरण पाठवणारा, दिनांक, खोलीचं तापमान तपासल्याशिवाय मी पाकीट फोडत नाही, आणि इथे मी हे तपासलं नाही.

शनिवारी बोलणी होती. समर्थकांचा एक निरीक्षक आत बसेल, अशी आपली मागणी होती. काकांनी ती मान्य केली आणि निरीक्षक म्हणून मला पाठवलं गेलं. स्टँडखालच्या त्या छोट्या कार्यालयात आम्ही चौघं होतो. काका, हर्षित, मी, आणि समोरच्या क्लबचे प्रफुल्लराव, मूळचे कोल्हापूरकडचे. सखुबाईंनी पाठवलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट टेबलावर होतं. पाहुणा जेवल्याशिवाय काका व्यवहाराचं बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच.

काकांची पद्धत नव्या पाहुण्यांना सांगायला हवी. त्यांचे वडील मिठागरावर होते, घरी बैलजोडी होती. लहानपणी ते दरवर्षी वडिलांबरोबर म्हसा गावच्या जत्रेला बैलबाजारात जायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर कापड टाकतात, आणि जितकी बोटं दाबली तितका आकडा. बाजूला दहा जण उभे असतात, त्यांना काही कळत नाही. काकांनी आपले सतराही खेळाडू असेच विकले, क्लबच्या निळ्या टॉवेलखाली. वरच्या पायरीवर आम्ही याला हसत होतो. स्वानंदने त्यावर एक चित्रही बनवलं होतं, ते मी पुढे पाठवलं होतं. आता फोन खाली ठेव स्वानंद, गोलकीपरच्या विक्रीची बातमी तुझ्याआधी मलाच येणार आहे.

जेवण झालं. प्रफुल्लरावांनी हात धुतले, खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. फोनवर माझा तक्ता होता. नऊ या आकड्याभोवती पिवळं वर्तुळ. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, “मढवीसाहेब, तुमच्याच माणसांनी नऊ लिहिलंय. मी वर कशाला जाऊ?”

मला त्या क्षणी समजावून सांगायचं होतं. नऊ म्हणजे किंमत नाही. नऊ म्हणजे माझ्या माहितीची खालची कड. त्याच्या खाली आकडा जाणं अवघड आहे, एवढंच ते सांगतं. प्रयोगशाळेत तो आकडा शंका दाखवतो. बाजारात गेल्यावर तो भाव होतो, हे माझ्या शिक्षणात कुठेच नव्हतं. हर्षित माझ्याकडे बघत होता. त्याचीच किंमत चालली होती.

काकांनी फोन हातात घेतला, लांब धरून वाचला आणि मला विचारलं, “ह्यो तुजा काय गो?” मी हो म्हणाले. “चांगला लिवलाय,” ते म्हणाले, आणि फोन पालथा घालून परत दिला. मग त्यांनी टॉवेल उचलला. प्रफुल्लराव हसले, त्यांनीही बाही वर केली. त्यांच्या भागात बाजार असेच चालतात, त्यांना शिकवावं लागलं नाही.

एरवी काकांचा व्यवहार पाच मिनिटांत होतो असं ऐकलं होतं. त्या दिवशी बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. दोनदा प्रफुल्लरावांनी हात काढून घेतला, दोनदा काकांनी परत धरला. काकांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती, बोटं दिसत नव्हती. टॉवेल उचलला तेव्हा साडेनऊ लाख ठरले होते, आणि हर्षितच्या पुढच्या विक्रीत आपला पंधरा टक्के वाटा. त्या पंधरा टक्क्यांसाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. आजही मला त्याची किंमत काढता येत नाही. हर्षित तिकडे नऊ सामने खेळला आहे, त्यातले सहा बदली म्हणून. कदाचित त्या वाट्यातून काहीच येणार नाही. मी जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलणार नाही.

मग फेब्रुवारीची सभा. साडेनऊ हा आकडा गटावर आला तेव्हा गटाने माझाच तक्ता काढला आणि सांगितलं, बघा, खालच्या कडेला विकला. काकांनी मुलगा मातीमोल घालवला, झाकलेल्या हातात काय शिजलं कोणास ठाऊक, इथपर्यंत मजल गेली. ते शब्द कोणी लिहिले होते ते इथे बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. सभेत स्वानंदने मला उभं केलं. त्याने नीट, मुद्देसूद विचारलं. आकडा कसा ठरला ते तुला दिसलं का? मी म्हणाले, “नाही.” हात झाकलेले होते का? मी म्हणाले, “हो.”

हेच ते माझे दोन शब्द. दोन्ही अचूक होते.

फोनबद्दल मला कोणी विचारलं नाही. आणि मला विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मला वाटलं, साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं असतं. असं मला वाटलं, की असं वाटून घेणं मला सोयीचं होतं? पाच महिने मी हा प्रश्न घेऊन ऑफिसला जाते आणि परत येते. त्या सभेच्या इतिवृत्तात वाक्य आहे: ‘समर्थकांच्या निरीक्षकांनी व्यवहार पारदर्शक नसल्याचे सांगितले.’ मी असं म्हटलं नव्हतं. पण इतिवृत्त कायम झालं तेव्हा मी दुरुस्तीही सुचवली नाही. मतमोजणीनंतर काका उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, “बरा. चावी कुनाकडं देऊ?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. हे तपासून बघायची आता सोय नाही.

मागे जे उठून उभे राहिलेत त्यांना विनंती, अजून थोडा वेळ बसा. जेवण तयार आहे हे मलाही माहीत आहे, वास इथपर्यंत येतो आहे.

गेल्या महिन्यात मी काकांच्या घरी गेले. दार सखुबाईंनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “तूच काय ती कागदवाली?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “ये. जेवलीस?” मला ते सोपं गेलं नाही. काका ओटीवर बसून गोलच्या जाळीची फाटलेली घरं गाठी मारून सांधत होते. चावी दिली होती, जाळी परत दिली नव्हती. मी विचारलं, तुम्ही सभेत फोनचं का सांगितलं नाही? एका वाक्यात सगळं उलटलं असतं. त्यांनी जे उत्तर दिलं ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं, म्हणून त्यांच्या शब्दांत सांगते.

“मी बोललो असतो तं लोकांनी तुला धरली असती. मंग पुढचे बारीला तू आकडा काढाला भ्याली असतीस. आकडा लागतोच गो आपल्याला. माजे टायमाला काढनारा कोन नव्हता, म्हनून तर तो स्ट्रायकर गेला. आकडा काढाचा. फकस्त दाखवाचा कुनाला, त्ये ठरवाचा.”

मी म्हटलं, आणि तुमच्यावर आलं त्याचं काय? त्यांनी दाताने दोरा तोडला आणि मला जाळीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. त्या प्रश्नाचं उत्तर सखुबाईंनी दिलं. आतून त्यांचा आवाज आला, की चार महिने हा माणूस मैदानाच्या रस्त्याने जात नाही, बाजाराला लांबून वळसा घालून जातो.

त्यांच्या घरापासून मैदान तीनशे मीटरवर आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. चुकीचं प्रमाणपत्र बाहेर गेलं, तर ते फाडून चालत नाही, आणि मनातल्या मनात वाईट वाटूनही चालत नाही. ते ज्या-ज्या पत्त्यांवर गेलं, त्या प्रत्येक पत्त्यावर दुरुस्ती पाठवावी लागते. चूक काय, कधी, कोणी केली, हे त्यात लिहायचं. खाली सही. माझं चुकीचं प्रमाणपत्र फेब्रुवारीत याच सभागृहात गेलं. तेव्हा मत दिलेले एकशे सत्तावीस जण होते. आज दारावरच्या नोंदवहीत मी पाहिलं, त्यातले एकशे चार जण आले आहेत. उरलेल्या तेवीस जणांना पत्र जाईल. पत्र तयार आहे, त्याची एक प्रत अध्यक्षांसमोर ठेवते. त्यात फोनही आहे, पिवळं वर्तुळही आहे, आणि हेही आहे की हर्षितचा भाव सचिवांनी पाडला नाही, मी पाडला. नऊवर पाय रोवून बसलेला समोरचा माणूस त्यांनी साडेनऊ आणि पंधरा टक्क्यांपर्यंत ओढून आणला. ते कसं केलं, ते मला दिसलं नाही. एवढंच मी सभेत सांगायला हवं होतं, आणि त्याच्या आधीचंही.

मत बदला असं मी सांगत नाही. तो माझा अधिकार नाही. स्वानंदचा मुद्दाही मी खोडत नाही, क्लबच्या पैशाचा हिशेब सभासदांना मिळालाच पाहिजे, व्यवहार झाल्यावर, पूर्ण, पावतीसकट. मी फक्त एवढंच सांगते, की दुरुस्ती वाचल्याशिवाय त्या ठरावावर विसंबू नका.

आता शेवटचं. आपला गोलकीपर शौनक याला मागणी आली आहे, हे गुपित राहिलेलं नाही. नव्या नियमाप्रमाणे माझं मूल्यांकन रविवारपर्यंत समितीला द्यायचं आहे, आणि समितीची इच्छा आहे की ते गटावर टाकावं. आकडा काढून झाला आहे. या वेळी एकतीस नोंदी मिळाल्या, मर्यादा अरुंद आली आहे, मला त्याचं समाधान आहे. समितीच्या पाचही सभासदांना तो बंद पाकिटातून मिळेल. गटावर मी टाकणार नाही. यासाठी मला काढायचं असेल तर तसा ठराव करावा. चावी माझ्याकडे नाही, तक्ता आहे, तो देऊन जाईन.

आयोजकांनी मला शाल अर्पण करायला सांगितलं आहे. जगनभाऊ, तुम्हीच ती आणलीत, चांगली मोठी आणलीत, आभारी आहे. काका, मी आता तुमच्याजवळ येणार आहे. शाल खांद्यावर टाकली की तिचं एक टोक हातावर येतं. त्या टोकाखाली मी शौनकचा आकडा धरणार आहे. मला तुमच्यासारखं येत नाही, समजून घ्या. कमी वाटलं तर दाबा, जास्त वाटलं तर सोडा. या सभागृहात दोनशे माणसं आहेत आणि त्यातल्या कोणालाही काही दिसणार नाही. या वेळी मी तक्रार करणार नाही. आणि ते झालं, की जाळी घेऊन मैदानावर या. ती लावायची कशी ते अजून कोणाला नीट जमलेलं नाही.

सभागृह दिल्याबद्दल गावकऱ्यांचे, उकाड्यात बसून राहिल्याबद्दल तुम्हा सर्वांचे, आणि मला न थांबवल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. बोलण्याच्या ओघात आज काही चुकलं असेल, तर ते मला लेखी कळवा, मी दुरुस्त करेन. फेब्रुवारीत जे चुकलं त्याची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची आहे ते माझ्या डाव्या हाताला चौथ्या खुर्चीवर आणि समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. काळुरामकाका, सखुबाई, मला माफ करा.

काका, हात पुढे करा.